एक रेणू की दोन? प्रकाशसंश्लेषण आणि चुंबकीय अनुस्पंदन

प्रकाशसंश्लेषणाचा आरंभ एका इलेक्ट्रॉनाच्या स्थलांतराने होतो. प्रकाश ग्रहण करताच अभिक्रियाकेंद्रातील हरितद्रव्य आपला एक इलेक्ट्रॉन शेजारच्या रेणूस देते आणि त्याचा जोडीदार इलेक्ट्रॉन मागे एकटा राहतो. असा अयुग्मित इलेक्ट्रॉन हा एक सूक्ष्म चुंबकच होय. चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यास तो ठराविक कंप्रतेच्या सूक्ष्मतरंगांचे शोषण करतो. झावोइस्की यांनी १९४४ साली कझान येथे शोधून काढलेले इलेक्ट्रॉन परिवलन अनुस्पंदन ते हेच. हरितलवकांवर प्रकाश टाकला असता असा संकेत उमटतो, हे कॉमनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दाखविले.

परंतु हा संकेत हरितद्रव्याच्या एका रेणूचा मानावा, तर एक अडचण उभी राहते. विलग केलेल्या हरितद्रव्याच्या धन आयनाची रेषा सुमारे ९ गौस रुंद असते. हरितलवकांतील रेषा मात्र सुमारे ७ गौसच भरते. नॉरिस, कॅट्झ प्रभृतींनी १९७१ मध्ये याची उपपत्ती मांडली. रेषेची रुंदी इलेक्ट्रॉन व भोवतालचे प्रोटॉन यांच्या अन्योन्यक्रियेतून येते. इलेक्ट्रॉन दोन रेणूंत समप्रमाणात वाटला गेला, तर प्रोटॉनांची संख्या दुप्पट होते, पण प्रत्येकाशी असलेली अन्योन्यक्रिया निम्मी होते. रुंदी या अन्योन्यक्रियांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमूळावर अवलंबून असल्याने ती √२ पटीने घटते. यावरून अभिक्रियाकेंद्रात हरितद्रव्याचे ‘विशेष युग्म’ असावे, असे अनुमान निघाले.

प्रकाशसंश्लेषी जीवाणूंत १३ व ९.५ गौस या रुंदींचे गुणोत्तर √२ च्या निकट येते. जीवाणूंच्या अभिक्रियाकेंद्राची स्फटिकरचना उलगडल्यावर तेथे खरोखरच युग्म आढळले. त्या रचनाकार्यास १९८८ चे नोबेल पारितोषिक लाभले. पहिल्या प्रकाशप्रणालीच्या २००१ मधील रचनेतही दोन रेणू दिसले. तथापि इलेक्ट्रॉन-अणुकेंद्रीय द्विअनुस्पंदनाने निराळेच सत्य पुढे आणले : या प्रणालीत इलेक्ट्रॉनाचे परिवलन बहुतांशी एकाच रेणूवर असते. म्हणजे युग्म खरे, परंतु समविभागणी खरी नव्हे.

रेषेची रुंदी ही अनेक अन्योन्यक्रियांची गोळाबेरीज असते, आणि एकच बेरीज निरनिराळ्या पदांतून येऊ शकते. म्हणूनच प्रत्येक प्रोटॉनाची अन्योन्यक्रिया पृथकपणे मोजल्यावाचून असे अनुमान सिद्धान्ताच्या पदवीस पोहोचत नाही.