दहा आकड्यांचे घड्याळ

'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाच्या सुरुवातीलाच पडद्यावर एक घड्याळ येते. त्याच्या तबकडीवर आकडे बारा नाहीत, दहाच आहेत. भविष्यातल्या त्या महानगरीत कामाची पाळी दहा तासांची; तेव्हा मालकाने काळसुद्धा आपल्या मापाने कापून घेतलेला! भोंगा होतो, एक पाळी खाली मान घालून बाहेर पडते, दुसरी तशीच आत शिरते. गिरणगावात ज्यांचे बालपण गेले त्या आमच्या वाचकांना या दृश्याचा अर्थ समजावून सांगायला नको. फरक एवढाच की, गिरणगावातली माणसे पाळी सुटल्यावर एकमेकांशी बोलत तरी होती.

फ्रित्स लांग याने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला. चित्रीकरण १९२५ च्या मे महिन्यापासून सतरा महिने चालले होते. गगनचुंबी इमारती, त्यांच्यामधून जाणारे हवाई पूल, विमाने, हे सारे छोट्या प्रतिकृतींतून उभे केलेले. ऑयगेन श्युफ्तान या तंत्रज्ञाची युक्ती मोठी नामी होती. कॅमेऱ्यापुढे तिरपा आरसा ठेवायचा, त्यात प्रतिकृतीचे प्रतिबिंब घ्यायचे आणि आरशाचा पारा हवा तेवढाच खरवडून काढायचा. त्या खिडकीतून पलीकडे खरे नट दिसतात आणि बोटभर उंचीच्या भिंतीखाली माणसे वावरताहेत असा भास होतो. आजच्या संगणकी करामती पाहून सरावलेल्या डोळ्यांनाही आम्हाला तो खोटा वाटला नाही.

कथा थोडक्यात अशी. वर श्रीमंतांच्या बागा, खाली जमिनीच्या पोटात कामगारांची वस्ती. नगरीचा स्वामी योह फ्रेडर्सन याचा मुलगा खाली उतरतो आणि यंत्राचा स्फोट होताना पाहतो. त्याच्या डोळ्यांपुढे त्या यंत्राचा राक्षसी जबडा होतो आणि कामगार पायऱ्या चढून त्यात जाताना दिसतात. मारिया नावाची मुलगी कामगारांना धीर देत असते. तिच्या रूपाचा एक यंत्रमानव तयार करून त्यांना भडकवले जाते, यंत्रे फुटतात, वस्तीत पाणी भरते. मारिया आणि यंत्रमानव या दोन्ही भूमिका ब्रिगिटे हेल्म हिने आपल्या पहिल्याच चित्रपटात केल्या.

शेवटी मात्र गाडी घसरते. डोके आणि हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी, असे सांगून मालक व मुकादम यांचा हात हातात दिला जातो. घड्याळाचे काय झाले? पाळी किती तासांची ठरली? ते कोणी विचारीत नाही. पुढे लांगनेच हा तोडगा परीकथेसारखा असल्याचे मान्य केले. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स तर १९२७ सालीच या चित्रपटावर तुटून पडला. यंत्रे वाढली की राबणारे हात कमी लागतील, गुलाम हवेत कशाला, हा त्याचा मुद्दा. १९३६ साली 'थिंग्ज टु कम' हा चित्रपट काढून त्याने स्वतःचे भविष्य मांडले. त्यात जगाचा कारभार शास्त्रज्ञ आणि वैमानिकांच्या हाती जातो. हिशेब वेल्सचा बरोबर असेल, पण आम्हाला आठवत राहते ते लांगचे घड्याळच.

हृदयाची ती मध्यस्थी लिहिली होती लांगच्या पत्नीने, थेआ फॉन हार्बू हिने. आणि इथे गोष्ट अनपेक्षितपणे आपल्या बेळगावाकडे वळते. १९३३ साली या दांपत्याचा घटस्फोट झाला. लांग जर्मनी सोडून गेला, ती राहिली. बेळगावजवळच्या बेळगुंदीचे, वयाने तिच्याहून बरेच लहान असलेले अयी गणपत तेंडुलकर तेव्हा बर्लिनमध्ये पत्रकारी करीत होते. दोघांनी विवाह केला, तोही गुपचूप, कारण प्रसिद्ध जर्मन लेखिकेने हिंदी माणसाशी लग्न करणे नात्सी राजवटीत खपणारे नव्हते. त्याच राजवटीत ती चित्रपट लिहीत होती आणि नात्सी पक्षाची सभासदही झाली होती. हिंदी लोकांना मदत करता यावी म्हणून आपण सभासद झालो, असे तिने नंतर सांगितले. मदत तिने केली हे खरे. पण एवढ्याने आमचे समाधान होत नाही. महायुद्धाच्या तोंडावर तेंडुलकर मायदेशी परतले. त्यांच्या कन्या लक्ष्मी धौल यांनी ही सारी हकीगत इंग्रजी पुस्तकात सांगितली आहे. महानगरीचे स्वप्न लिहिणारी थेआ युद्धानंतर उद्ध्वस्त बर्लिनमध्ये ढिगारे उपसण्याच्या कामावर होती. १९५४ साली ती वारली.

चित्रपटाचेही हालच झाले. पहिल्या खेळांनंतर त्याला एवढी कात्री लागली की मूळ लांबीची प्रत कुठेच उरली नाही. मग २००८ साली अर्जेंटिनात, ब्वेनोस आइरेसच्या चित्रपट संग्रहालयात, सोळा मिलिमीटरची एक ओरखडलेली प्रत हाती लागली आणि सुमारे पंचवीस मिनिटांचा हरवलेला भाग परत मिळाला. २०१० साली तो जोडून चित्रपट पुन्हा बर्लिनमध्ये दाखवण्यात आला. परत आलेल्या दृश्यांत ११८११ क्रमांकाचा कामगार आहे. मालकाचा मुलगा त्याच्याशी कपडे बदलतो आणि यंत्रावर त्याच्या जागी उभा राहतो, हे पूर्वीही दिसत असे. तो कामगार नंतर कुठे गेला, हे मात्र कापून टाकलेले होते. आता तो मोटारीत बसलेला दिसतो, खिशात सापडलेल्या नोटांकडे बघतो, खिडकीतून दिव्यांची नगरी न्याहाळतो. त्याला नावही आहे, गेओर्गी.