शाळेतील मातीकामाची खोली



शाळेत मातीकामाचा वर्ग काढायचा म्हटले, की सगळे चाक आणि भट्टीच्या किमतीवरच बोलतात. माझ्या मते आधी पाणी आणि मोरी पाहावी. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस होतो, आणि त्याला उतारा नाही. म्हणून खोलीत केरसुणी नकोच. फरशी, टेबले ओल्या फडक्यानेच पुसावीत. मोरीखाली गाळ बसायला टाकी ठेवावी. पाटाचा गाळ आपण उपसतोच की, तसेच हे.

विजेची भट्टी भिंतीपासून दीड फूट लांब, धूर बाहेर जाईल अशी बसवावी. पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसची. भांडे आतून ओले राहिले, तर १०० अंशाला पाण्याची वाफ होऊन ते फुटते, शेजारचीही फोडते. गालाला लावून गार लागले, तर अजून वाळू द्यावे.