स्कॅनमधला संशयास्पद ठिपका

स्तनाच्या कर्करोगावर उपचार सुरू असताना स्कॅनमध्ये फुप्फुसात बारीक ठिपका दिसला, म्हणजे रोग पसरलाच असे नाही. पेट स्कॅन पेशींनी शोषलेली किरणोत्सारी साखर दाखवतो. क्षयरोगाची गाठ किंवा साधी सूजही त्यात कर्करोगासारखीच उजळते. भारतात क्षयरोग मोठ्या प्रमाणावर असल्याने ही शक्यता कधीच दुर्लक्षू नये. स्तनातच संशयास्पद काही दिसल्यास, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) अहवालात संशयाची पातळी सांगणाऱ्या ‘बायरॅड्स ३’ श्रेणीत कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपर्यंतच असते; सहसा ६ महिन्यांनी फेरतपासणी होते. श्रेणी ४ असल्यास बहुधा बायोप्सी करतात. यवतमाळहून तपासणीसाठी सेवाग्राम किंवा नागपूरला जाताना जुन्या फिल्म, सीडी आणि अहवाल सोबत न्यावेतच. ठिपका नवा की जुना, वाढला की तेवढाच, हे तुलनेतूनच कळते. दरम्यानची धास्ती स्वाभाविक आहे. झोप उडाल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.