रेघ वाकत नाही, तरी वळण येतं

मारिया थॉमस या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या अक्षरकलाकार. एका हस्तलिखितातल्या मोठ्या अक्षरामागे त्या बारीक नक्षी भरत बसल्या असताना त्यांचे साथीदार रिक रॉबर्ट्स मध्येच काही बोलायला आले आणि त्यांची तंद्री मोडली. इतका वेळ कशाचंच भान नव्हतं, असं मारियांनी सांगितल्यावर रिक म्हणाले, की हे तर ध्यानाचंच वर्णन झालं. रिक काही वर्षं संन्यस्त आयुष्य जगलेले, तेव्हा ते बोलायचा त्यांना अधिकार होता. या गप्पांतून, चालू शतकाच्या सुरुवातीला, ‘झेंटँगल’ नावाची चित्रपद्धत जन्माला आली. पुढे नावाचा ट्रेडमार्क झाला, शिकवणाऱ्यांना प्रमाणपत्रं मिळू लागली आणि ‘ताण घालवणारी कला’ म्हणून तिचा बोलबाला झाला.

कृती पाच मिनिटांत समजते. साडेतीन इंची चौरस जाड कागद घ्यायचा. पेन्सिलीने चार कोपऱ्यांत चार ठिपके, ते जोडून चौकट, आत एक मोकळी वेडीवाकडी रेघ. तिला ‘दोरा’ म्हणतात. दोऱ्याने कागदाचे जे तुकडे पडतील, त्यात काळ्या पेनाने एकेक नक्षी भरायची. प्रत्येक नक्षी दोन-तीन साध्या खुणांची आणि त्याच खुणा पुन्हा पुन्हा. शेवटी पेन्सिलीने थोडी छाया. खोडरबर वापरायचा नाही आणि कागदाला वरची-खालची बाजू नाही. अमुकच काहीतरी काढायचं आहे, असं आधी ठरवायचं नाही.

याने मन खरंच शांत होतं का? जाहिराती सांगतात तेवढा भक्कम पुरावा नाही, पण अगदीच हवेतली गोष्टही नाही. २००५ साली करी आणि कॅसर या संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी भीतीच्या एका आठवणीबद्दल लिहायला लावलं आणि मग तीन गटांत रंगवायला बसवलं. एका गटाला मंडल दिलं, दुसऱ्याला चौकटींची नक्षी, तिसऱ्याला कोरा कागद. मंडल आणि चौकटी रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली. २०१२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हाच प्रयोग केला तेव्हा मंडल पुन्हा सरस ठरलं, चौकटी मात्र मागे पडल्या. म्हणजे नक्षी कुठलीही चालते, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. शिवाय दोन्हीकडे छापील नक्षीत रंग भरायचे होते, नक्षी स्वतः काढायची नव्हती.

ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल यांचा २०१६ चा अभ्यास जास्त गाजला. ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं माती, चिकटचित्र, मार्कर असं हवं ते हाताळलं आणि सुमारे पाऊणशे टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक कमी झालेलं आढळलं. पण तुलनेला नुसतं बसून राहिलेला गट नव्हता, आणि कॉर्टिसॉल दिवस चढतो तसं आपोआपही उतरत असतं. जॅकी अँड्रेड यांचा २००९ चा प्रयोगही या छंदाच्या बाजूने हमखास पुढे केला जातो. कंटाळवाणा फोन-निरोप ऐकताना छापील आकार गिरगटणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के जास्त आठवलं, हे खरंच. पण ते गिरगटणं बेध्यानातलं होतं. झेंटँगलमध्ये सगळं लक्ष पेनाच्या टोकावर ठेवायचं असतं. असं चित्र काढत तुम्ही फोनवर बोलायला लागलात, तर पलीकडचा माणूस रागावेल.

मला वाटतं, कोऱ्या कागदाचा गट मागे पडला यातच खरी मेख आहे. कोरा कागद दर क्षणी विचारतो, आता काय? झेंटँगलचे नियम हा प्रश्नच काढून घेतात. कागद केवढा, पेन कुठलं, खूण कोणती हे ठरलेलं. खोडायचं नाही, त्यामुळे मागे वळून ‘बरं झालं का’ हेही विचारायचं नाही. उरतं एकच काम, पुढची रेघ. हे माझं अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे.

ही पुढची रेघ हातासाठी सोपी नसते. धडधाकट माणसाचा हातही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक कापत असतो. स्वीडनमधल्या वॅल्बो आणि वेसबर्ग यांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं, की बोट अगदी सावकाश, सलग हलवायला सांगितलं तरी ते सेकंदाला ८ ते १० सूक्ष्म हिसक्यांनी पुढे सरकतं. नवशिका कासवगतीने रेघ ओढतो आणि ती थरथरलेली दिसते, याचं हे एक कारण. मनगट टेकवून थोड्या वेगाने ओढलेली रेघ जास्त सुबक येते. हाताला सोयीच्या दिशेनेच रेघ ओढता यावी म्हणून कागद फिरवत राहायचा. वर-खाली नाही या नियमाचा हा फायदा.

वळणावर हात आपसूक मंदावतो. वळण जितकं तीव्र तितका वेग कमी, हे नातं १९८३ मध्ये लाक्वानिती, तेरत्सुओलो आणि विव्हियानी यांनी गणिती सूत्रात मांडलं. वेग कमी झाला, की पेनाचं सच्छिद्र टोक त्या जागी जास्त वेळ टेकतं, शाई जास्त उतरते आणि वळण किंचित जाड होतं. वहीच्या स्वस्त कागदावर तर तिथे शाई फुटतेच. सुती चित्रकागदात पाणी अडवणारा जिलेटिनसारखा पदार्थ घातलेला असतो, त्यामुळे त्यावर रेघेची कड शाबूत राहते. या कामाला बहुतेक लोक वापरतात ते साकुरा या जपानी कंपनीचं पिग्मा मायक्रॉन ०१, रेघेची जाडी पाव मिलिमीटर. १९८२ मध्ये आलेल्या या शाईत रंग विरघळलेला नसतो, त्याचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. साखरेचं पाणी आणि हळदीचं पाणी यांत फरक असतो तसा. सुकल्यावर कण कागदाच्या तंतूंत अडकतात, म्हणून पाण्याने रेघ पसरत नाही. प्रकाशाने सुटा रेणू लवकर मोडतो. कणाचा बाहेरचा थर झिजला तरी आतला रंग टिकून असतो.

आता एक नक्षी काढून पाहू. रिक रॉबर्ट्स यांची ‘पॅरॅडॉक्स’. दोन सेंटिमीटरचा चौकोन काढा. एका कोपऱ्यातून निघून पुढच्या कोपऱ्याकडे रेघ न्या, पण कोपऱ्यात न घुसता त्याच्या दोन मिलिमीटर अलीकडे, समोरच्या बाजूला टेकवा. कागद पाव फेरा फिरवा. जिथे टेकलात तिथूनच पुढच्या कोपऱ्याकडे रेघ, पुन्हा थोडं अंतर सोडून. असंच आत आत. एकही रेघ वाकडी नाही, पण दहा-बारा फेऱ्यांनंतर चौकोनात चार गरगरीत वळणं फिरताना दिसतात.

अशाच वळणांबद्दल एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७७ मध्ये एक कोडं घातलं होतं: समभुज त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवरून तीन कुत्री सारख्या वेगाने एकमेकांचा पाठलाग करू लागली, तर त्यांची वाट कशी असेल? १८८० मध्ये ब्रोकार्ड यांनी उत्तर दिलं: लघुगणकी सर्पिल. प्रत्येक कुत्रं दर क्षणी सरळ पुढच्याकडेच धावतं, पण पुढचंही सरकत असतं, म्हणून वाट वळते. चौकोनात चार कुत्री सोडली तर मध्यात भेटेपर्यंत प्रत्येक कुत्रं बरोबर चौकोनाच्या बाजूइतकं धावतं. समभुज त्रिकोणात बाजूच्या दोन-तृतीयांश. पॅरॅडॉक्समधल्या रेघा म्हणजे त्या पाठलागाचे थांबत थांबत घेतलेले टप्पे.

सोडलेलं अंतर दर वेळी बाजूच्या दशांशाइतकं ठेवलं, तर प्रत्येक फेरीत चौकोन सुमारे ९ टक्क्यांनी आखडतो. गणितात हे संपत नाही. दोन सेंटिमीटरच्या चौकोनात मात्र साधारण एकविसाव्या फेरीला रेघांमधलं अंतर पाव मिलिमीटरवर येतं, म्हणजे पेनाच्या टोकाइतकंच, आणि पुढे नुसता काळा ठिपका उरतो. त्याच्या थोडं आधीच थांबलेलं बरं.

नंतर शेजारी दुसरा चौकोन काढा. त्यात फेरा त्याच दिशेने घेतला, तर सामाईक बाजूवरचे रेघांचे दोन पंखे विरुद्ध टोकांना उघडतात. उलट दिशेने घेतला तर दोन्ही एकाच टोकाला उघडतात आणि मिळून एक पान तयार होतं.