व्यसन आणि मनोविकार एकाच रुग्णात: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दारू, गांजा, तंबाखू किंवा झोपेच्या गोळ्यांचे व्यसन आणि त्याच माणसाला नैराश्य, उन्माद किंवा स्किझोफ्रेनिया, या स्थितीला दुहेरी निदान म्हणतात. ती दुर्मीळ नाही. दुर्मीळ असतात ते दोन्हींकडे एकाच वेळी बघणारे उपचार, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा एका समजुतीत सापडते: ‘आधी पिणे सुटू दे, मग डोक्याचे बघू.’

ही समजूत घरात असते तशी काही दवाखान्यांतही असते. रुग्ण त्यामुळे दोन दारांमध्ये हेलपाटे घालतो. व्यसनमुक्ती केंद्रात भास होतात म्हणून त्याला परत पाठवले जाते, आणि मनोविकाराच्या ओपीडीत तोंडाला वास येतो म्हणून. वस्तुस्थिती अशी, की मनात आवाज ऐकू येत असताना पिणे सुटत नाही आणि पिणे चालू असताना गोळ्या नीट लागू पडत नाहीत. म्हणून दोन्ही उपचार एकत्र, शक्यतो एकाच चमूने करायचे असतात. कायदाही याच बाजूचा आहे. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 मध्ये मनोविकाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था धरलेल्या आहेत. कोल्हापूरकर ज्याला थोरला दवाखाना म्हणतात ते सीपीआर रुग्णालय असो की 1886 पासूनचे रत्नागिरीचे मनोरुग्णालय, ‘हा पिणारा आहे, आमचा रुग्ण नव्हे’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये सुरू झाले तेच येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात.

‘दारूमुळेच डोके फिरले’ किंवा ‘टेन्शनमुळेच पितो’ ही दोन्ही निदाने नातेवाईक ठामपणे सांगतात. खरे काय ते सहसा पहिल्या दिवशी कळतच नाही. दारूमुळे आलेले नैराश्य पिणे थांबल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरू लागते. ते तसेच राहिले तर मूळचा आजार वेगळा असण्याची शक्यता वाढते. हा फरक ठरतो तो सिस्टरांच्या नोंदींवरून: झोप किती लागली, जेवण किती गेले, एकटा असताना कोणाशी बोलतो का, शेवटचा घोट कधी घेतला. डॉक्टर दिवसातून एकदा राऊंडला येतात, तर परिचारिका तिन्ही पाळ्यांत असतात. मात्र जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले, तर चार आठवडे थांबायचे नसते, उपचार त्याच दिवशी सुरू होतात.

सर्वांत घातक गैरसमज म्हणजे दारू एका झटक्यात बंद करणे नेहमीच चांगले. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचे पिणे अचानक थांबले, की 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. 48 तासांच्या आत फीट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो. पाय मोडला म्हणून अस्थिव्यंग वॉर्डात दाखल झालेला गुऱ्हाळावरचा कामगार तिसऱ्या रात्री चादरीवरचे नसलेले किडे झटकू लागतो, मध्येच हवेतल्या हवेत चुलवाणात चिपाडे सारू लागतो. रोजचे काम असे हातवाऱ्यांत उतरणे हे या अवस्थेचे ओळखीचे लक्षण आहे. घरचे म्हणतात बाधा झाली, नरसोबाच्या वाडीला न्यायला हवे. पण ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे आणि उपचार न मिळाल्यास ती जीव घेऊ शकते. दाखल करतानाच ‘रोज किती घेता, शेवटची कधी घेतली’ हे न लाजता, न रागावता विचारले असते तर ती आधीच ओळखता आली असती.

याच रुग्णासाठी नातेवाईक ग्लुकोजच्या बाटलीचा आग्रह धरतात, कारण सलाईनने ताकद येते. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्व संपत आलेले असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊन स्मृती कायमची जाऊ शकते. म्हणून थायमिनचे इंजेक्शन आधी, निदान सोबत तरी.

आरडाओरडा करणाऱ्याला बांधून ठेवणे हा उपचार नाही. साखळदंड कायद्याने पूर्ण बंद आहेत. इतर बंधन फक्त तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, आणि गरजेपुरत्या वेळेसाठी. ‘आज स्टाफ कमी आहे’ हे कारण कायदा मान्य करत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणे हा तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे.

‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. चहात किंवा आमटीत गुपचूप काही मिसळण्याचा मोह बायका-आयांना होतो, आणि त्यांची हतबलता समजण्यासारखी आहे. पण अशा पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल आणि माणूस प्याला, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. या औषधाने मनोविकाराची लक्षणे बळावूही शकतात. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते.

‘डोक्याच्या गोळ्यांचेही व्यसन लागते’ हे अर्धसत्य आहे. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, चिंतेच्या गोळ्यांचे लागते, म्हणून त्या मोजून आणि ठरावीक दिवसांपुरत्याच देतात. नैराश्याच्या किंवा स्किझोफ्रेनियाच्या औषधांचे लागत नाही, फक्त ती आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत.

तंबाखूकडे कोणी लक्षच देत नाही. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृतात क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियाची औषधे लवकर विघटित होतात. वॉर्डात बिडी बंद झाली, की त्याच डोसची रक्तातली पातळी काही दिवसांत चढते. रुग्ण गुंगून पडतो, क्लोझापिनने फीटही येऊ शकते. हे काम धुराचे आहे, निकोटिनचे नाही. त्यामुळे चुना-तंबाखू मळणाऱ्याला किंवा मिश्री लावणारीला ही अडचण येत नाही. ‘तंबाखू आहे का’ एवढ्यावर न थांबता ‘ओढता की खाता’ हे केसपेपरवर लिहिणे म्हणून महत्त्वाचे.

पुन्हा पिणे म्हणजे उपचार फुकट गेले, असेही नाही. मधुमेहात साखर वाढते, तसे हे आजार उलटतात. अशा वेळी सिस्टरांनी विचारायचे ते गोळ्या कधी चुकल्या आणि त्याआधी झोप कधी बिघडली. पुष्कळ रुग्ण ‘दारूवर गोळी नको’ म्हणून पिण्याच्या दिवशी औषध टाळतात आणि आठवडाभरात दोन्ही आजार एकदम उसळतात. घरी जाताना ही गोष्ट रुग्णाबरोबर घरच्यांनाही समजावून सांगावी लागते आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून द्यावी लागते. सोबत फोन क्रमांकही द्यावेत: मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस 14416 आणि व्यसनमुक्तीसाठी 14446.