कोळ्यांचे चित्रकार योझेफ इस्राएल्स

योझेफ इस्राएल्स यांचा जन्म १८२४ साली हॉलंडमधील ग्रोनिंगन शहरात एका यहुदी कुटुंबात झाला. सुरुवातीला ते इतिहासातल्या थोर माणसांची चित्रं काढीत. १८५५ मध्ये तब्येत सुधारावी म्हणून ते समुद्रकाठच्या झांडवोर्ट गावी जाऊन राहिले, आणि तिथं त्यांनी कोळ्यांचं जिणं जवळून पाहिलं. त्या गावाला बंदर नव्हतं. सपाट तळाच्या होड्या वाळूवरच ओढून ठेवायच्या. समुद्र कधी काय नेईल याचा भरवसा नाही, हे कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या आपल्या माणसांना सांगायला नकोच.

१८५६ चं त्यांचं चित्र पाहा. बायको गेलेला एक कोळी तिच्या कबरीजवळून चालला आहे. एक मूल कडेवर, दुसऱ्याचा हात धरलेला. चित्र माणसाहूनही उंच आहे. एवढा मोठा कॅनव्हास तेव्हा राजे आणि सेनापती यांच्यासाठी असायचा. इस्राएल्स यांनी त्यावर गरीब कोळी उभा केला!

लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं चित्र याहून जड आहे. बुडालेल्या सोबत्याला कोळी उचलून आणताहेत, पुढं त्याची बायको आणि मुलं. रंग सगळे मळकट, राखाडी. कोणी छाती पिटत नाही.

इस्राएल्स फार रडवतात असं काहींना वाटतं. थोडं खरंही आहे. पण १८७२ च्या ‘समुद्राची मुलं’ या चित्रात रडणं नाही. अनवाणी पोरं उथळ पाण्यात खेळण्यातली होडी सोडताहेत, इतकंच. पुढं त्यांनाही खऱ्या होडीत बसायचंच आहे.