चार्जर वेळेवर थांबतो का?

रिमोट, खेळणी आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश यांत वापरल्या जाणाऱ्या रिचार्जेबल पेन्सिल सेलचे आयुष्य सेलच्या दर्जाइतकेच चार्जरवर अवलंबून असते, आणि चार्जरची खरी कसोटी वेगात नसून वेळेवर थांबण्यात असते. हे सेल बहुधा निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे असतात. त्यांचे व्होल्टेज, म्हणजे विद्युतदाब, नाममात्र 1.2 व्होल्ट असले, तरी चार्ज होताना ते 1.4 व्होल्टच्या वर चढते आणि सेल पूर्ण भरताच काही मिलिव्होल्टने खाली येते. कारण त्यानंतर आत येणारी ऊर्जा साठण्याऐवजी उष्णतेत बदलते आणि तापलेल्या सेलचे व्होल्टेज उतरते. चांगला चार्जर ही बारीकशी घसरण टिपून प्रवाह तोडतो, शिवाय तापमानावरही लक्ष ठेवतो. प्रवाह फार कमी असला, तर मात्र घसरण ओळखता येण्याजोगी राहत नाही; म्हणूनच 2000 मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या सेलला 200 मिलिअँपिअर देणारा साधा चार्जर 14 ते 16 तासांनी आठवणीने बंद करावा लागतो.

सेल जोडीनेच चार्ज करणारे चार्जर टाळलेलेच बरे, कारण जोडीतला एक सेल अर्धा भरलेला असेल, तर दुसरा भरेपर्यंत तो विनाकारण तापत राहतो. एकच सेल ठेवून चार्जर सुरू होतो का, हे दुकानातच पाहता येते. लिथियम-आयन सेल या चार्जरमध्ये कधीही ठेवू नयेत; त्यांना सामान्यतः 4.2 व्होल्टवर काटेकोरपणे रोखणारा वेगळा चार्जर लागतो, आणि ती मर्यादा ओलांडल्यास आग लागण्याचा धोका असतो.